फुटबॉलचा पेपर आणि आपल्या सांगलीचे हजारे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रव्यवहारात एका वाचकानं लिहिलं होतं की कॉलेजात आता फुटबॉल, वंशभेद, राष्ट्रवाद असले विषय घ्यायला लागलेत, पोरांचं वाटोळं ठरलेलंच. माझी मुलगी सांगलीतच बीएला आहे आणि तिनं नेमका हाच पेपर घेतलाय, म्हणून म्हटलं लिहावं.

त्यात नुसतं कुणी किती गोल मारले हे नसतंय हो. मेसुत ओझिल, जन्म जर्मनीतला, घराणं मूळचं तुर्की, 2014 चा वर्ल्ड कप जिंकलेल्या टीममधला. 2018 ला टीम पहिल्याच राऊंडला घरी आली आणि खापर फोडायला हाच सापडला, कारण वर्ल्ड कपच्या आधी यानं तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांसोबत फोटो काढला होता. शेवटी जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरचा, असं म्हणून त्यानं टीमच सोडली. 2021 च्या युरो फायनलला इंग्लंडच्या रॅशफर्ड, सांचो आणि साकाच्या पेनल्टी हुकल्या तर त्यांच्या रंगावरून मोबाईलवर नको नको ते लिहिलं लोकांनी, त्यातला साका तर 19 वर्षांचं पोरगं. हे वाचून पोरं बिघडतात म्हणायचं का?

माझी तक्रार वेगळीच आहे. सगळी उदाहरणं परदेशातली. अहो, क्रिकेटर विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले, 1915 साली. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन अशा धर्मावर टीमा असायच्या, मग हजारेंसारख्या ख्रिश्चन माणसानं खेळायचं कुठं, तर "रेस्ट"मध्ये, म्हणजे उरलेल्यांची टीम! 1943 च्या फायनलला हिंदूंच्या टीमविरुद्ध या उरलेल्यांच्या 387 रनात एकट्या हजारेंचे 309, समोर त्यांचाच भाऊ विवेक चिवटपणे नुसता उभा राहिलेला. तरी टीम हरलीच. हेच हजारे पुढं भारताचे कॅप्टन झाले आणि 1952 ला मद्रासला देशाचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच कॅप्टन्सीत मिळाला. गांधीजींचा या धर्मवार सामन्यांना विरोध होता, पण गर्दी मात्र त्यालाच तुफान, 1946 पर्यंत चाललं ते.

क्रिकेट आहे म्हणून फुटबॉलच्या पेपरात बसत नाही, असं म्हणू नका. फुटबॉलच पाहिजे असेल तर 1911 ची कलकत्त्याची मोहन बागान टीम घ्या, एक सोडून सगळे अनवाणी खेळले आणि गोऱ्या पलटणीच्या टीमला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड स्पर्धा जिंकली. त्या मॅचला अख्खं कलकत्ता लोटलं होतं, ते काय नुसतं गोल बघायला?

तर पेपर बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका आणि शिकवणाऱ्या सरांना एवढंच सांगा की पुढच्या सेमिस्टरला हजारेंवर एक तरी लेक्चर ठेवा. आणि पेपरात चार टीपा लिहा असले पाठांतराचे प्रश्न टाकण्यापेक्षा पोरांना या जुन्या सामन्यांच्या बातम्या शोधायला लायब्ररीत पाठवा.

एक पालक, विश्रामबाग, सांगली