आयर्विनला किती?

सांगली
ऑगस्टचा दुसरा रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोन उचलल्या उचलल्या, कसा आहेस बिहेस काही न विचारता तू थेट "आयर्विनला किती?" म्हणालास. वीस वर्षं पुण्यात काढली तरी गडी सांगलीवाडीचाच! मी पुलापाशी कृष्णेचं पाणी 28 फूट सांगितल्यावर तू सोडलेला श्वास इथपर्यंत ऐकू आला. तेवढ्यात मागून तुझ्या पोरीने विचारलं, "बाबा, आयर्विन म्हणजे कोण?" आणि तू घाईने फोन ठेवलास. उत्तर येत नव्हतं ना? कबूल कर. म्हणून हे पत्र.

तिला सांग, आयर्विन हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कृष्णेवर हा दगडी पूल बांधवला, 1929 साली त्याच्या हस्ते उद्घाटन केलं आणि नावही त्याचंच दिलं. संस्थानिकांना ते करावंच लागायचं. आपलं विलिंग्डन कॉलेज तरी दुसरं काय? त्याच वर्षाच्या डिसेंबरात लाहोरला रावीच्या काठी काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. पुढे दांडीला निघण्याआधी गांधीजींनी पत्र लिहिलं तेही याच आयर्विनला. साहेब गेला, संस्थान गेलं, पुलाचं नाव मात्र आपल्या तोंडातून जाईना.

पुलाआधी नावेशिवाय गत नव्हती. आजी तिच्या सासूची गोष्ट सांगायची. माहेर डिग्रजला, म्हणजे हाकेच्या अंतरावर म्हण. पण नदी चढली की नाव बंद, आणि मग दसऱ्यापर्यंत माहेरचं तोंड दिसायचं नाही. पूल झाल्यावर पहिल्यांदा चालत निघाली ती मध्यावर थांबली, पदराच्या गाठीतलं हळदकुंकू कठड्यावरून नदीत सोडलं आणि मागे वळून न बघता सुटली!

आता तो पूल ओलांडायला कमी आणि पाणी मोजायला जास्त. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ. कोयनेतून पाणी सोडलं की सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगरची माणसं टीव्ही बघत नाहीत, पुलावर येतात. परवा मीही गेलो. तांबडं पाणी, जलपर्णीचे गठ्ठे, मधेच एक अख्खं बाभळीचं झाड गरगरत आलं आणि खांबाला धडकलं. कठड्यावर हात होता. दगडातून बारीक थरथर तळव्याला आली, दात हललेला कळावा तशी. शेजारचे म्हातारबाबा नुसते म्हणाले, "सोसतंय बिचारं."

आयर्विन म्हणे सहा फूट पाच इंच उंच होता. 2019 ला त्याच्या नावावर आपण 57 फुटांच्या वर पाणी मोजलं. आमच्या भिंतीवर स्विचबोर्डच्या वर ती रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला, ओल येते आणि रेघ परत दिसते. आता पुसायचं सोडून दिलंय.

काकू बऱ्या आहेत. 2019 पासून त्यांचा स्वतःचा इशारा 25 ला असतो. आकडा कानावर आला की मला बोलावून ट्रंक माळ्यावर चढवायला लावतात. तुझ्या लग्नाचा अल्बम आणि त्यांचा शालू, बाकी काही नाही त्यात, तरी जड आहे लेका. काल पाणी 23 वर आलं, तेव्हा खाली उतरवली. "राहू दे की वरच," म्हटलं तर ऐकलं नाही. गणपतीला येशील तेव्हा पोरीला आण, आणि ट्रंक तू चढव.

तुझा,
दिग्या