मंत्रीमहोदय, ती दांडी मी काढणार नाही

मा. पर्यटनमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपल्या खात्याचे तपासनीस माझ्या घरी येऊन गेले. राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मी प्रवाशांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देते. रीतसर नोंदणी आहे, कर भरते. घराची श्रेणी वाढवून मिळावी म्हणून अर्जही मीच केला होता, म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसेच झाले. तपासनीस तरुण, बोलायला गोड. त्यांनी खोल्या पाहिल्या, टीव्ही किती इंची ते विचारले, पडद्यांना हात लावून पाहिला. मग न्हाणीघरात गेले आणि कमोडशेजारची स्टीलची दांडी पाहून थबकले. म्हणाले, "काकू, हे काढून टाका. दवाखान्यासारखं वाटतं."

मला वाटले, सहज बोलले. पण कागदावर तसा शेरा आला आहे: 'स्नानगृहाचे स्वरूप रुग्णालयासदृश.' तीन गुण वजा. दुरुस्तीला पंधरा दिवसांची मुदत. बाथटब असता तर पाच गुण जास्त मिळाले असते, असेही कळले. गुडघाभर उंच कड ओलांडून, एका पायावर तोल सांभाळत, ओल्या गुळगुळीत टबात उतरायचे. सत्तरीच्या माणसाला पाडायला याहून सोपी सोय मला तरी सुचत नाही.

महोदय, ही दांडी मी हौसेने लावलेली नाही. आपल्या शब्दावर लावली. दोन वर्षांपूर्वी १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाच्या कार्यक्रमात आपण म्हणाला होता की, वयस्कर प्रवाशांना निर्धास्त उतरता येईल अशी घरे तयार करणाऱ्यांना निम्मा खर्च सरकार देईल आणि त्या घरांची वेगळी यादी प्रसिद्ध होईल. मी सातव्या रांगेत होते. टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्याच आठवड्यात मुदतठेव मोडली. आजतागायत निम्मा सोडा, नवा पैसा मिळालेला नाही आणि यादी कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही.

ठेव कशात गेली तेही सांगते, कारण आपल्या खात्यात हे कोणाला ठाऊक असेल असे तपासणीवरून वाटले नाही.

न्हाणीघरातली दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवी आणि ती भिंतीत खोल बोल्ट घालून बसवलेली हवी. टॉवेल अडकवायची दांडी वेगळी. ती माणसाच्या वजनाने स्क्रूसकट हातात येते. रबरी चकतीने चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या तर ऐन वेळी दगा देतात. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच असली की गुडघे दुखणाऱ्याला स्वतःचे स्वतः उठता येते. दाराच्या गोल मुठी काढून खाली दाबायच्या लांब मुठी लावल्या, कारण संधिवाताच्या बोटांना गोल मूठ फिरवता येत नाही. गीझरचे तापमान उतरवले. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, आणि म्हाताऱ्या कातडीला ते उशिरा कळते. मऊ, खोल सोफा होता तो देऊन टाकला. त्यात बसलेला माणूस दोघांनी ओढल्याशिवाय बाहेर येत नसे. त्याऐवजी हाताच्या सरळ खुर्च्या. पलंग इतकाच उंच की कडेवर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकावेत. आणि गालिचा! सासूबाईंच्या आठवणीचा होता, तरी गुंडाळून माळ्यावर टाकला. पाय अडखळायला गालिच्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यासारखी दुसरी जागा नाही.

सगळ्यात कमी खर्च उजेडावर झाला आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळे पडते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत तीन छोटे दिवे लावले, पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी मारली. तपासनिसांनी दिव्यांचा शेरा 'अनावश्यक' असा दिला. त्यांचे वय सत्तावीस असावे. त्यांना रात्री दोनदा उठावे लागत नसेल. देव करो आणि कधी न लागो.

रॅम्पचे तर विचारूच नका. जोते दोन फूट उंच. नियम एकास बाराचा, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांब उतार हवा. तेवढे अंगण माझ्याकडे नाही. आपल्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी सुचवले, "सहा फुटांचा करा, फोटोत दिसला म्हणजे झालं." सहा फुटांत दोन फूट म्हणजे घसरगुंडी, साहेब. मी रॅम्प केलाच नाही. दोन्ही बाजूंना कठडा केला आणि घराच्या माहितीत स्वच्छ लिहिले: दाराशी चार पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, चाकाची खुर्ची आत येणार नाही.

वयस्कर पाहुणे कसे आणायचे यावर आपल्या खात्याने एक रंगीत पुस्तिका काढली आहे. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचे जोडपे होडीत बसून खळखळून हसते आहे. आत तेच हसू बारा पानांवर. पाच वर्षांच्या अनुभवातून मला एकच गोष्ट कळली आहे, ती फुकट देते: या लोकांना पायऱ्यांचा खरा आकडा हवा असतो. 'थोड्याच पायऱ्या' नको, 'अकरा पायऱ्या, डावीकडे कठडा नाही' असे हवे. गाडी दारापासून किती पावलांवर उभी राहील, रात्री डॉक्टर कुठे मिळेल, हे हवे. न्हाणीघराचा फोटो हवा, समुद्राचा नसला तरी चालतो. हे सगळे ते फोन करून विचारतात. ॲपवरच्या निरोपांवर त्यांचा विश्वास नाही, आणि फोन उचलणाऱ्या घरमालकाला ते विसरत नाहीत.

माझ्या वहीत पाच वर्षांत एकशे चाळीसच्या आसपास बुकिंगे आहेत, त्यांतल्या नव्वदेकांत साठीपुढचे कोणीतरी होते. मोजताना एखाद-दुसरे सुटले असेल, आपल्या खात्याच्या आकड्यांइतकी सुटलेली नाहीत. ही माणसे आडदिवशी येतात, सुट्ट्यांची गर्दी टाळतात, दोन दिवसांऐवजी आठ दिवस राहतात, पुढच्या खेपेला मुले-नातवंडे घेऊन येतात. धंदा म्हणूनही यांच्याइतके चांगले गिऱ्हाईक नाही. एक आजी तर निघताना म्हणाल्या, "मुलाकडे मी एकटी अंघोळ करत नाही, इथं केली." त्यांना इन्सुलिन ठेवायला मी फ्रिजमधला मधला कप्पा रिकामा करून दिला होता, बर्फाच्या खणापासून लांब, कारण गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. याला गुणपत्रकात रकाना नाही. वेलकम ड्रिंकला आहे.

आता माझे रडगाणे. अनुदानाच्या अर्जासाठी मी आपल्या कार्यालयात चौदा खेटे घातले. ज्येष्ठांसाठीच्या योजनेची खिडकी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चौदापैकी नऊ वेळा बंद होती. मी स्वतः त्रेसष्ट वर्षांची आहे, उजव्या गुडघ्यात वंगण उरलेले नाही. सहाव्या खेपेला दुसऱ्या जिन्यावर बसून रडले, हे लिहायला लाज वाटत नाही. कधी फाईल वर गेलेली, कधी साहेब दौऱ्यावर. अकराव्या खेपेला नवीन बाई आल्या, त्यांनी विचारले, "कुठली योजना?" ऑनलाइन भरा म्हणाल्या. संकेतस्थळावर पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत अठरा पाने, दहा मिनिटांत न भरल्यास पहिल्यापासून. अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना. वयाने रेषा झिजतात हो! जन्मभर भांडी घासलेल्या अंगठ्याला आता मी मीच आहे हे सिद्ध करता येत नाही.

माझी आई न्हाणीघरात पडूनच गेली. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात. ती पडली तेव्हा धरायला हाताशी होता तो प्लास्टिकचा नळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पडण्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे मरतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे आहे. आपल्या तपासनिसांना दवाखान्याची आठवण दांडी पाहून झाली. मला दांडी नसलेले न्हाणीघर पाहून होते.

खरे दुखणे तपासनिसांचे नाहीच. त्या मुलाला जो कागद दिला, तो त्याने भरला. कागद कोणी बनवला? ज्यांना म्हातारपण म्हणजे शाल, श्रीफळ आणि मंचावरची पहिली रांग एवढेच वाटते त्यांनी. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक ठरवले, त्याचे फलक लागले. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६च्या करारात पर्यटनस्थळी जाता येणे हाही हक्क मानला आहे. सर्वांना वापरता येईल अशा पर्यटनासाठी २०२१ मध्ये आयएसओ २१९०२ हे मानक आले. एवढे सगळे वरून खाली येता येता आमच्या दारापर्यंत पोचते ते 'दांडी काढा' एवढेच. घोडे नेमके कुठे पेंड खाते? म्हातारा माणूस निवडणुकीत घरी जाऊन भेटण्यासारखा, एरवी रांगेतून बाजूला करण्यासारखा. बँकेत तेच, बसथांब्यावर तेच, रुग्णालयाच्या पायऱ्यांवरही तेच. दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला आम्ही द्यायचा. योजना जिवंत असल्याचा दाखला मात्र आम्ही कोणाकडे मागायचा?

मागणे फार नाही. गुणपत्रकात दांडी, कठडा, रात्रीचा दिवा आणि पायऱ्यांची खरी संख्या यांना रकाना द्या. तपासनिसांना एकदा चष्म्यावर तेलाचे बोट फिरवून, गुडघे करकचून बांधून एखाद्या 'अ' श्रेणीच्या न्हाणीघरात सोडा. अनुदान देणार नसाल तर तसे लेखी कळवा, म्हणजे माझा पंधरावा खेटा वाचेल.

पुढच्या गुरुवारी एक एक्क्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पत्नीसह येणार आहेत. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न दांडीचाच विचारला. मी हो म्हटले आहे. मुदत शुक्रवारी संपते. आपली माणसे खुशाल येऊ देत, श्रेणी घेऊन जाऊ देत.

आपली,
तिसऱ्या श्रेणीतली एक घरमालकीण

ता. क. हेच पत्र आपल्या तक्रार-पोर्टलवरही टाकले आहे. तिथे विषय यादीतून निवडावा लागतो. 'ज्येष्ठ' असा विषय नाही. 'भटकी जनावरे' आहे, 'ध्वनिप्रदूषण' आहे. मी 'इतर' निवडले.