डोंगराच्या पायथ्याचे तावेर्न टिकले पाहिजे

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्च महिन्यात आम्ही अकरा जण वनखात्याची परवानगी काढून आणि गावातलाच एक वाटाड्या सोबत घेऊन सत्तरीतला सोसोगड चढलो. 1,160 मीटरांहून अधिक उंचीचा हा डोंगर गोव्यातला सर्वांत उंच, आणि तो ज्या म्हादई अभयारण्याच्या रानात उभा आहे ते रान मार्चमध्ये पानगळीने इतके सुकलेले असते की पायाखाली सतत चुरचुर होत राहते. पहाटे अंधारातच आम्ही पायथ्याच्या गावातून निघालो, तेव्हा रस्त्याकडेच्या एका लहानशा तावेर्नाची, म्हणजे घरच्यांनी चालवलेल्या गावातल्या दारूच्या दुकानाची, मालकीण अंगण झाडत होती. तिने हातातला झाडू थांबवून आमच्याकडे पाहिले, आम्ही नमस्कार केला आणि पुढे गेलो. या तावेर्नाविषयी आणि त्याच्यासारख्या इतर तावेर्नांविषयी हे पत्र आहे.

दिवेलागणीच्या सुमारास आम्ही दोन-दोन, तीन-तीन करत उतरलो आणि त्या तावेर्नाच्या सोप्यावर अंग टाकले. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, आत दोन बाकडी आणि एक टेबल, कोपऱ्यात वेताच्या विणीत बसवलेला गराफांव, म्हणजे दारू साठवायची मोठी काचेची बरणी. एवढेच त्याचे सामान. वयनीने (मालकिणीला सगळे वयनी म्हणतात) न मागता तांब्याभर पाणी आणून ठेवले, मग उकड्या तांदळाची पेज, वाटीत सुक्या बांगड्याची किसमूर आणि तोरांचे लोणचे आले. पेज वाढता वाढता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "सकाळीं इकरा जाण गेल्ले, धाच आयल्यात. इकरावो खंय उरलो?" पुढच्यांना वाटले होते की तो मागच्यांसोबत आहे, मागच्यांना वाटले होते की तो वाटाड्यासोबत पुढे गेला आहे. वयनीचा मुलगा आणि आमचा वाटाड्या विजेऱ्या घेऊन त्याच क्षणी उलट निघाले आणि तासाभराने आमच्या सोबत्याला खांद्याचा आधार देत घेऊन आले. व्हाळ (ओढा) ओलांडताना त्याचा पाय मुरगळला होता आणि मोबाईलला तिथे रेंज नव्हती. आम्ही अकरा सुशिक्षित माणसे, पण मोजदाद ठेवली होती ती पहाटे अंगण झाडणाऱ्या बाईने.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या काहींनी हुर्राक (काजूच्या बोंडूच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली दारू; तीच पुन्हा गाळली की फेणी) घेतला, लिंबू पिळून आणि मीठ-मिरची घालून, जसा तो आपल्याकडे हंगामात घेतला जातो. गाड्या चालवणाऱ्या तिघांनी मात्र सोलकढीवर भागवले, आणि ते तसेच असायला हवे होते, कारण शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची कायद्याची मर्यादा ओलांडायला फार काही लागत नाही आणि घाटाखालचे ते वळणांचे रस्ते रात्री कुणाला माफ करत नाहीत. तो हुर्राक घरामागच्या भाटीवरचाच (दारूच्या भट्टीवरचाच) होता. बोंडू कोळंबीत (दगडी कुंडात) तुडवायचे, चोथ्याची नुडी (गोळा) बांधून तिच्यावर दगड ठेवायचा, रस आंबू द्यायचा, भाणाखालचा (गाळायच्या भांड्याखालचा) जाळ रात्रभर सांभाळायचा: हे सगळे काम घरची तीन-चार माणसे करतात, तेही मार्च ते मे एवढ्याच दिवसांत. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 साली राज्य सरकारने फेणीला वारसा पेय म्हटले. हा सन्मान योग्यच आहे, पण ज्या बाकड्यावर बसून हे पेय पिढ्यान्‌पिढ्या प्यायले गेले त्या बाकड्याची दखल मात्र कुणी घेतली नाही. आमच्या लहानपणी फोंड्याहून वाळपईकडे जाताना अशी तावेर्नां ठिकठिकाणी दिसत. आज त्यांपैकी कित्येकांची दारे बंद आहेत आणि काहींच्या जागी काचेचे दरवाजे आणि मोठ्या आवाजाचे स्पीकर असलेले बार उभे राहिले आहेत.

दुसरीकडे, डोंगरावर जाणारे अनेक गट आपली दारू शहरातूनच बरोबर नेतात, ती धबधब्याच्या काठी पितात आणि बाटल्या तिथेच टाकून येतात. पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करण्यावर 2019 पासून कायद्याने दंड आहे, तरीही काठावर काचा सापडतातच. व्हाळात पाय घालणाऱ्या गावच्या मुलांना आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांना त्या काचा लागतात. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या रानाला लागलेले वणवे आपण सर्वांनी पाहिले. त्या रानात बसून सिगारेट शिलगावणारे लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. ज्याला प्यायचेच आहे त्याने डोंगर पूर्ण उतरावा, गावात यावे आणि तावेर्नात बसावे. दोन पैसे गावात राहतील आणि रिकामा पेला धुऊन पुन्हा फळीवर जाईल.

दारूने सत्तरीतले संसार मोडले आहेत आणि ते सावरताना गावच्या बायकांनी काय सोसले आहे, हे शिक्षक म्हणून तिथे काढलेल्या वर्षांत मी जवळून पाहिले आहे. म्हणून नवीन परवाने द्या असे मी मुळीच म्हणत नाही. मी बोलतो आहे ते असलेल्या, घरच्यांनी चालवलेल्या, स्थानिक पेय आणि घरचे जेवण देणाऱ्या तावेर्नांविषयी, जिथे गिऱ्हाईक झिंगू लागले तर "आतां पुरो, घरा वच" असे सांगण्याचा अधिकार वयनीला असतो आणि तो ऐकलाही जातो. अशा जागेला महामार्गावरच्या बारच्या मापाने मोजू नये. अबकारी खात्याने त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करावा, शुल्क बेताचे ठेवावे आणि परवान्याचे नूतनीकरण पंचायतीच्या कार्यालयातच व्हावे, म्हणजे त्या बाईला दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागणार नाहीत.

दुसरी मागणी वनखात्याकडे आहे. पायथ्याच्या प्रत्येक गावी, तावेर्नात किंवा ते नसेल तिथे एखाद्या दुकानात, वर जाणाऱ्यांची वही ठेवावी: नावे, संख्या, वाट आणि परतण्याची अपेक्षित वेळ. परतल्यावर तिथेच सही करायची, आणि अंधार पडूनही सही न झालेले नाव राहिले तर वनरक्षकाला कळवायचे. वही सांभाळणाऱ्या घराला वर्षाकाठी काही मानधन द्यावे. दारू विकली जाते त्या जागी सरकारी वही कशी, असा प्रश्न येईल. पण वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक जण ज्या एका दारावरून जातो, ते त्या गावात तेच आहे, आणि तिथले डोळे पहाटेपासून उघडे असतात.

गिर्यारोहण मंडळांना यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आम्ही चतुर्थीनंतर पुन्हा त्याच गावी गेलो आणि वयनीकडे एक दोनशे पानी वही आणि दोऱ्याला बांधलेले पेन ठेवून आलो. आतापर्यंत तिच्यात चार गटांनी नावे लिहिली आहेत, असे तिच्या मुलाने परवा फोनवर कळवले.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा