सोयीपुरतं शिष्यत्व नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की पेपरांत चर्चच्या रोषणाईचे आणि केकचे फोटो येतात, छान वाटतं बघून, पण येशूच्या मागे जायचं म्हणजे नक्की काय करायचं हे त्यातून कोणाला कळत नाही आणि आम्हा ख्रिस्ती लोकांनाही त्याचा विसर पडत चाललाय, म्हणून हे पत्र.

येशूने गर्दी जमवायला कधी गोड बोलून कोणाला ओढलं नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात बघा, एवढा मोठा लोकसमुदाय मागून येतोय आणि तो मागे वळून सांगतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट पडेल आणि लोक हसतील, आणि जो सर्वस्व सोडत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. यावर उपदेश कितीदा ऐकायला मिळतो? नोकरी, व्हिसा, मुलांची लग्नं यांच्यासाठी आशीर्वाद मात्र दर रविवारी. मला याचं फार वाईट वाटतं.

हिशोब करून पाऊल टाकणारी माणसं आपल्यातच होऊन गेलीत हो. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातेवाईक तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशीसुद्धा काही वर्षं ताटातूट झाली, आणि पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडून दिला.

आणि आपल्या इंदूरजवळच्या सिस्टर राणी मारिया! केरळहून आलेली ही बाई उदयनगरच्या आदिवासी वस्त्यांमध्ये राहिली, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून लोकांना बँकेचं कर्ज आणि सरकारी योजना समजावून सांगायची, ज्यांचं व्याज बुडलं ते चिडले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरच्या बसमध्ये सगळ्या प्रवाशांसमोर तिच्यावर चाकूचे वार झाले, त्यातच ती गेली. तिच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, नंतर जेलमध्ये जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं, पण आजच्या किती पोरांना हे माहीत आहे?

सगळ्यांनी सिस्टर व्हावं असं मी म्हणत नाहीये. पण उपासनेत डोळे मिटून सर्वस्व वाहिल्याची गीतं गायची, आणि एम.वाय. हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना रात्री जेवण द्यायला कोण येतंय विचारलं की सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये, हे कसं चालेल? कामवाल्या बाईचा पगार दहा तारखेपर्यंत लटकवायचा, दुकानात कच्चं बिल फाडायचं आणि रविवारी पहिल्या बाकावर बसायचं, हेही शिष्यत्वात बसत नाही.

आपल्याला विनंती, येत्या २५ फेब्रुवारीला उदयनगरला वार्ताहर पाठवून सिस्टरांच्या कामावर सविस्तर लेख छापा. आणि शहरातल्या सगळ्या पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे की ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका तरी रविवारी लूक १४ वर बोला, लोक नाराज झाले तरी चालतील.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, इंदूर