चौकटीतील अंतर

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चित्रपटात दोन पात्रांच्या मधे खांब किंवा खिडकीचा गज आला की समीक्षक लगेच 'दुरावा' असे लिहून मोकळे होतात, हा तुझा वैताग मला पटतो. पण त्यावरून नात्याचे सगळे काम नट आणि संवादच करतात, चौकट, म्हणजे कॅमेरा पडद्यावर जेवढे दाखवतो ते चित्र, ही नुसती सजावट, असा जो निष्कर्ष तू काढला आहेस, तो मला मान्य नाही. कोण कोणाकडे पाहते आहे, आणि आपल्याकडे कोणी पाहते आहे याचा कोणाला पत्ताच नाही, हे चौकट ठरवते. आणि ते आधीच्या-नंतरच्या चौकटींशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

सत्यजित राय यांच्या 'चारुलता'ची (१९६४) सुरुवात आठव. जवळजवळ संवादच नाहीत. दुपारी एकटी असलेली चारू हातात दांडीची छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत जाते आणि झडपांच्या फटींतून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. तेवढ्यात तिचा नवरा भूपती पुस्तकात डोळे घालून तिच्या जवळून निघून जातो. ती तेथे आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही. तेव्हा ती तीच दुर्बीण डोळ्यांना लावून त्याच्याकडे पाहते. हाताच्या अंतरावरून गेलेल्या माणसाला पाहण्यासाठी दुर्बीण लागावी, यावर आणखी कोणता संवाद लिहिणार? आणि ती दुर्बीण खाली घेते त्या क्षणी कॅमेरा झपकन मागे सरतो, चारू त्या सजवलेल्या घरात एकाएकी लहान होऊन जाते.

आता याच्या शेजारी बागेतला प्रसंग ठेव. चारू झोक्यावर आहे आणि छायालेखक सुब्रत मित्र यांचा कॅमेरा तिच्याबरोबरच झोके घेतो, त्यामुळे तिचा चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि हलते ती मागची बाग. आतापर्यंत घर स्थिर होते आणि ती त्यात येरझाऱ्या घालत होती. येथे सगळे उलटे झाले आहे. पुढे तीच दुर्बीण शेजारच्या खिडकीतील एका आईवर आणि तान्ह्या मुलावर जाते, आणि मग खाली पहुडून लिहिणाऱ्या तिच्या दिरावर, अमलवर. गंमत अशी की अमलही कागदात बुडालेला आहे, त्यालाही आपल्यावर रोखलेली नजर जाणवत नाही. दोन्ही पुरुषांचे वागणे वरवर सारखेच आहे. फरक आहे तो चारूच्या पाहण्यात, आणि तो आपल्याला कळतो, कारण या वेळी कॅमेरा तिला सोडून मागे पळत नाही. चारू झालेल्या माधवी मुखर्जींचा अभिनय थोर आहेच, परंतु हे दोन प्रसंग एकमेकांना जोडण्याचे काम त्या एकट्या करू शकल्या नसत्या.

दुसरे उदाहरण ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'मधील (१९४१). बर्फात खेळणाऱ्या मुलापासून कॅमेरा खिडकीतून आत मागे सरकतो आणि मुलाचे भविष्य ठरवणारी मोठी माणसे चौकटीत येतात. पुढे, अगदी जवळ, कागदांवर सही करणारी आई आणि बँकवाला थॅचर. त्यांच्या मागे, विरोध करत असलेला पण कोणीच ऐकून घेत नसलेला बाप. आणि सर्वांत मागे, खिडकीच्या चौकोनात, इवलासा चार्ल्स. ग्रेग टोलंड यांच्या छायालेखनात तो पुसट होत नाही, हेच महत्त्वाचे, कारण त्यामुळे त्याच्याविषयीचे बोलणे आणि त्याचे बेसावध खेळणे आपल्याला एकाच वेळी पाहावे लागते. बाप ती खिडकी बंद करतो. मुलाला दूर पाठवण्याचा निर्णय घेणारी आईच उठून ती पुन्हा उघडते. तिला निष्ठुर म्हणणाऱ्यांनी तो क्षण नीट पाहावा.

याच चित्रपटातील न्याहारीच्या टेबलाचे गाजलेले प्रसंग मात्र मला तितकेसे भावत नाहीत. मोठा होऊन वर्तमानपत्राचा मालक झालेला चार्ल्स केन आणि त्याची बायको सुरुवातीला जवळ बसतात, शेवटी लांब टेबलाच्या दोन टोकांना, आणि बायकोच्या हातात प्रतिस्पर्ध्याचे वर्तमानपत्र. चतुर आहे, पण दुरावा फूटपट्टीने मोजून दाखवल्यासारखा वाटतो. तुझी तक्रार येथे शंभर टक्के लागू पडते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) असे काही मोजून दाखवलेले नाही. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांबवर स्थिर उभा असतो, आणि न्यायाधीश, वकील, कारकून व आपली पाळी येण्याची वाट पाहणारे लोक यांच्या गर्दीत आरोपी नारायण कांबळे हा आणखी एक माणूस होऊन राहतो. त्याचा चेहरा आपल्याला जवळून हवा असतो, आणि तो सहजासहजी मिळत नाही. व्यवस्थेशी त्याचे जे नाते आहे, तेच प्रेक्षकाच्याही वाट्याला येते.

तू 'कोर्ट' संथ म्हणून अर्धवट सोडला होतास, हे मला माहीत आहे. या वेळी पूर्ण पाहा, आणि न्यायालयातील एखादे दृश्य आवाज बंद करून पाहा. त्यानंतरही चौकट ही सजावटच आहे असे वाटले, तर सविस्तर लिही. मी पुन्हा भांडायला तयार आहे.

तुझा,
माधव