काका, तुमचं पेन तिच्याकडेच आहे

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा समारोप झाला, तेव्हा मी तुम्हाला शोधत होते. शेवटच्या रांगेतली तुमची खुर्ची रिकामी होती. कार्यक्रम संपल्यावर मावशींनी सांगितलं, की तुम्ही मागच्या नळावर बसून मुलांच्या बाटल्या विसळल्यात, फडक्यावर उपड्या घालून ठेवल्यात आणि नॅन्सी कॉलनीतून गावची एसटी पकडायला निघून गेलात. त्याच वेळी व्यासपीठावर ज्यांच्या खांद्यावर शाली पडत होत्या, त्यांच्यातल्या एकानेही या दोन वर्षांत, मुलं दहिसर नदीचं पाणी तपासत होती तेव्हा, नदीत बोट बुडवलं नव्हतं. तो राग अजून माझ्या घशात अडकलेला आहे, आणि तो या पत्रात कुठेतरी बाहेर येईलच. पण आधी आभार. तुम्ही फोनवर ऐकून घेणार नाही, "राहू द्या हो बाई" म्हणाल, म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

हे सगळं सुरू झालं ते नववीच्या एका साध्या तासाला. मी विचारलं होतं, पाणलोट क्षेत्र म्हणजे काय? उत्तरं खडाखड आली. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी, समतल चर, माती अडवा, पाणी जिरवा. मग विचारलं, आपलं पाणलोट क्षेत्र कोणतं? वर्ग गप्प. एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्याकडे कुठे शेत आहे? आपल्याला पाणी महापालिकेचं येतं." शाळेपासून दहा मिनिटांवर दहिसर नदी वाहते. राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून ती निघते, जेमतेम बारा किलोमीटर वाहते आणि दहिसर गावठाणाच्या पुढे मनोरीच्या खाडीला मिळते. तिला ओलांडून रोज शाळेत येणारी माझी मुलं तिला नाला म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात, मग मुलांना काय बोलणार? जुने दहिसरकर सांगतात की या पाण्यात ते पोहायला शिकले. मुलांना ते खरंच वाटत नाही.

मुलांना नदीवर न्यायचं, पाणी तपासायला शिकवायचं, एवढंच मनात होतं. त्यासाठी मी किती हेलपाटे घातले ते तुम्हाला थोडंफार माहीत आहे. एका कार्यालयात पत्र मागितलं, पत्र दिलं तर दुसऱ्या खात्याचं पत्र मागितलं, आणि शेवटी सांगितलं की तुम्ही म्हणता ती जागा नदीत धरायची की नाल्यात, तेच आधी ठरवावं लागेल. एका संस्थेने मोठ्या उत्साहाने होकार दिला. मुलांना टोप्या वाटल्या, पुलावर फलक धरून उभं केलं, फोटो काढले. पुलावरून खाली कुणी उतरलंच नाही. परत येताना एका मुलीने विचारलं, "बाई, आपण पाणी कधी बघणार?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि मग तुमच्या कॉलेजातला तो दिवस. रसायनशास्त्र विभागात मी अर्धा तास उभी होते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला मुलांना कुणी शिकवेल का, बाटल्या तात्पुरत्या मिळतील का, एवढंच विचारायचं होतं. समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "मराठी माध्यम ना?" मी हो म्हटलं. "मग राहू द्या. त्यांना नाही झेपायचं. पीएच पेपर घ्या, रंग बदलतो, मुलं खूश होतात." वीस वर्षं शिकवते आहे, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. जिना उतरताना डोळे भरून आले होते.

फाटकापाशी मागून हाक आली. "बाई, बाटल्या काचेच्या बुचाच्याच लागतील. प्लास्टिकच्या नाही चालणार." वळून बघितलं तर खाकी एप्रन घातलेले तुम्ही, तिथल्या लॅबमधले मदतनीस. दारापाशी उभं राहून सगळं ऐकलं होतंत. त्या गृहस्थांबद्दल एक वाकडा शब्द तुम्ही तेव्हा काढला नाहीत, नंतरही कधी नाही. शाळेचा पत्ता लिहून घेतलात आणि म्हणालात, "जूनमध्ये रिटायर होतोय. जुलैपासून रविवार तुमचे."

ते रविवार तुम्ही दिलेत. त्यातलं सगळं इथे लिहीत बसत नाही, परवानग्यांचं तर मुळीच नाही. काही गोष्टी मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही नदीवर गेलाच नाहीत. मुलांना शाळेच्या गच्चीवर नेलंत, कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलंत आणि सांगितलंत, आता याच्या मागे जा. मुलं पन्हळीतून खाली, गटाराच्या जाळीपाशी, तिथून रस्त्याच्या उताराने, दर वळणावर चौकशी करत करत निघाली आणि पाऊण तासाने नदीच्या काँक्रीटच्या भिंतीपाशी, जिथे गटाराचं तोंड उघडतं तिथे येऊन थांबली. पाणलोट क्षेत्र या शब्दाची व्याख्या त्या दिवसानंतर मला फळ्यावर लिहावी लागलेली नाही. आमची गच्चीच त्यात होती.

खाडीजवळचं पाणी कधी घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. भरतीला समुद्राचं पाणी आत चढतं, मग नदी सोडून खाडीच मोजल्यासारखं होतं. तुम्ही कालनिर्णय काढायला लावलंत आणि तिथीची पाऊणपट करायला सांगितलीत. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, मग ओहोटी दुपारी बाराला. कोकणातली ही रीत तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेली. मुलांनी छापील वेळापत्रकाशी ती ताडून पाहिली, थोडा फरक पडला, आणि तो का पडत असेल यावर त्यांच्यात जे भांडण लागलं तसं भांडण माझ्या वर्गात मी आजवर ऐकलेलं नाही.

उद्यानातला रविवार तर मुलं म्हातारपणीही सांगतील. वाहत्या पाण्यातला एक दगड तुम्ही उलटा केलात. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले, मेफ्लायची पिल्लं. शेजारी वाळूचे कण चिकटवून बनवलेली इवलीशी नळी आणि तिच्यात राहणारी अळी. हे किडे दिसले की पाण्यात प्राणवायू भरपूर आहे असं समजायचं, असं सांगून तुम्ही दगड होता तसा, त्याच बाजूने, त्याच खळग्यात परत ठेवलात. नंतर मुलांनी उचललेला प्रत्येक दगड तसाच परत ठेवला. मला एकदाही सांगावं लागलं नाही.

तिथलं पाणी बाटलीत घेऊन तुम्ही दोन रसायनं सोडलीत आणि तळाशी तपकिरी साका बसला, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन माणसाने 1888 मध्ये शोधलेली ही रीत अजून जगभर वापरतात, हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर घरातल्या कुणाचं तरी कौतुक सांगावं तसा भाव होता. आम्ल आणि अल्कली तुम्ही शेवटपर्यंत मुलांच्या हाती दिली नाहीत. बाकी सगळं मुलांनी केलं. मराठी माध्यमाच्या मुलांनी. शेवटी थायोसल्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडताना निळा रंग जिथे नाहीसा होतो तो थेंब पकडताना चौदा वर्षांची पोरं श्वास रोखून उभी होती.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

खालच्या टप्प्यावर, तबेल्यांचं आणि वस्तीचं पाणी मिसळून झाल्यावर जी नदी दिसते, तिथलं पाणी घ्यायचं काम माझ्या एका विद्यार्थिनीकडे होतं. ती तिथेच राहते. तिच्या घराची मागची भिंत नदीला लागून आहे. वर्गात ती फार बोलत नाही, आणि मुलं "नाल्यावरची" म्हणून चिडवतात तेव्हा तर अजिबातच नाही. तुम्ही हातमोजे घालून दोरीने पाणी काढलंत, तिने बाटली एकही बुडबुडा न राहू देता भरली. रसायनं पडली. साका बसला, पांढराशुभ्र. तपकिरी रंगाचा मागमूस नाही.

तिला वाटलं, आपलं चुकलं. सगळ्यांच्या बाटल्यांत कमी-जास्त तपकिरी आलं होतं, हिच्याच बाटलीत नाही. तिने इकडेतिकडे बघितलं, वहीत लिहिलेलं "पांढरा" खोडरबराने खोडलं आणि शेजारच्या गटाची नोंद उतरवून घ्यायला लागली. मी बघितलं, तुम्हीही बघितलंत. मी रागावायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही हाताने मला थांबवलंत.

तुम्ही तिला काहीच बोलला नाहीत. दुसरी बाटली काढलीत, म्हणालात, "परत करूया." पुन्हा पाणी, पुन्हा रसायनं. पुन्हा पांढरा. तिसरी बाटली. पांढरा. मग तुम्ही तिच्या शेजारी त्या धुळीत उकिडवे बसलात, तिच्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतलीत आणि खिशाचं पेन तिच्या हातात दिलंत. "तिन्ही वेळा तेच आलं ना? मग पेनाने लिही. खाली सही कर, तारीख घाल."

तिने लिहिलं. साका पांढरा. ऑक्सिजन आढळला नाही. खाली सही, तारीख. चौदा वर्षांच्या मुलीची पहिली सही असावी ती, अक्षरं अजून डळमळीत होती. तुम्ही पेन परत घेतलं नाहीत.

काका, तुम्हाला माहीत नसेल, मी त्या वेळी मागे वळून उभी राहिले होते. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले आहे, निरीक्षणं आधी पेन्सिलने लिहा, मी तपासली की मग पक्की करा. मलाही असंच शिकवलं होतं. कॉलेजात ब्युरेटचं वाचन अपेक्षित उत्तरापेक्षा वेगळं आलं, की आम्ही आधीच्या वर्षाची जर्नल्स काढायचो आणि आकडा जुळवायचो. जुळला की पूर्ण गुण. इतकी वर्षं लॅबमध्ये उभं राहून तुम्ही हे किती पिढ्यांना करताना बघितलं असेल! त्या तीन बाटल्यांनी आणि एका पेनाने तुम्ही माझी वीस वर्षांची सवय मोडलीत. आता माझ्या वर्गात निरीक्षणं पेनाने लिहितात. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं, खाडाखोड दिसली तरी चालेल.

माशांना जगायला लिटरमागे किमान चार मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऑक्सिजन लागतो. आपल्याकडच्या उन्हात, तीस अंशांना, स्वच्छ पाणी साडेसातपर्यंत धरून ठेवू शकतं. आणि तिच्या घरामागे काहीच नाही. तिथल्या गाळात लाल अळ्या मात्र वळवळत होत्या. इतक्या कमी प्राणवायूत त्या जगतात कशा, तर आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्यातही असतं, म्हणून त्या लाल, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा "ई" करणारी पोरं खाली वाकून बघायला लागली.

त्याच दिवशी तिने आपल्या आजीला बोलावून आणलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मी दर पावसाळ्यात वर्गात सांगते. या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आजीने भिंतीवर हात ठेवून दाखवलं, पाणी इथवर आलं होतं, पोरांना माळ्यावर चढवलं होतं. तुम्ही तिथे खडूने रेघ मारून घेतलीत, टेपने उंची मोजून घेतलीत आणि नकाशावर त्या आकड्यापुढे आजींचं नाव लिहायला लावलंत. तेव्हापासून "नाल्यावरची" हा शब्द मी वर्गात ऐकलेला नाही. ती आता खालच्या टप्प्याची प्रमुख आहे. कुठलं गटार कुठे मिळतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून शाळा चालतात, काका. लॅबमधले, ग्रंथालयातले, पाण्याची टाकी वेळेवर सोडणारे. गुणपत्रिकेवर त्यांची सही कुठेच नसते. मदत करताना ते समोरच्याला लहान वाटू देत नाहीत, आणि मदत झाल्यावर तिचा हिशेब ठेवत नाहीत. मला पदव्या असलेली खूप माणसं भेटली. तुमच्यासारखी सभ्यता फार थोड्या ठिकाणी मिळाली.

शनिवारी प्रमुख पाहुणे म्हणून कोण आले होते, ते तुम्ही बघितलंतच. तेच, मराठी माध्यम ना, म्हणणारे. बोलावणं माझं नव्हतं. ते तिच्या तक्त्यापाशी थांबले आणि म्हणाले, "इथे आकडा राहिलाय वाटतं." ती म्हणाली, "नाही सर. तीनदा केलंय." आणि वही उघडून पुढे धरली. ते बराच वेळ वाचत होते. तुम्ही तेव्हा नळावर होतात. हे तुमच्या कानावर जायलाच हवं होतं, म्हणूनही हे पत्र.

बाटल्या तुम्ही सांगितल्यात तशा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. बुचं आणि बाटल्या क्रमांक लावून, एकाचं बूच दुसरीला जाऊ नये म्हणून. होळीनंतरच्या अष्टमीला ओहोटी दुपारी येते, तेव्हा खालच्या टप्प्यावर पुन्हा जायचं ठरलं आहे. पेनाची रिफिल संपली होती, तिने नवी घातली. एक विचारायचं राहिलं. थायोसल्फेटचं द्रावण जुनं झालं की भरवशाचं राहत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. किती दिवसांनी बदलायचं? गावाहून आलात की सांगा, नाहीतर सरळ रविवारीच या.

तुमच्या,
नववीच्या बाई