एक महिना हे, एक महिना ते

प्रिय अव्या,

किडनीच्या बायोप्सीचा रिपोर्ट वाचला. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, किडनीची चाळणी बिघडवणारा आजार! म्हणजे माझ्याच पंगतीला येऊन बसलास की रे. वहिनी घाबरल्यात, पण औषधांवरचा तुझा वैताग मला जास्त कळला: "स्टेरॉइड आणि वर सायक्लोफॉस्फामाइड, एक विष पुरत नाही म्हणून दोन?"

अरे, दोन्ही एकदम नसतात. ही मूळ युक्ती मिलानच्या पॉन्टिसेली डॉक्टरांची, १९८४ची. पहिला, तिसरा, पाचवा महिना स्टेरॉइड: सुरुवातीचे तीन दिवस सलाइनमधून, पुढे गोळ्या. मधल्या तीन महिन्यांत सायक्लोफॉस्फामाइड. (त्यांनी आधी त्याच जातीचं क्लोरॅम्ब्युसिल वापरलं होतं, ते मागे पडलं.) स्टेरॉइड दाह शमवतं. सायक्लो, किडनीच्या चाळणीवर उठलेल्या अँटिबॉडी ज्या पेशींतून येतात, त्यांच्यावर चालतं. सहा महिन्यांत खेळ आटोपतो, कुठलंच औषध सलग फार साचत नाही.

आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने हे तपासलं, २००७ साली छापलं. ४७ पैकी ३४ जणांचा आजार पूर्ण किंवा बराचसा आटोक्यात आला. नुसत्या बीपी-सुजेच्या औषधांवर ४६ पैकी १६. ते १६ मला फार महत्त्वाचे वाटतात. काही जण आपोआप सावरतात, म्हणून तब्येत धरून असेल तर डॉक्टर थांबून बघतात. तुझं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, पार तळाला गेलंय, म्हणून ते थांबायला तयार नाहीत.

रिटुक्सिमॅब या नव्या इंजेक्शनचं विचारलंस. चांगलं औषध आहे, पण नवं म्हणजे सरस असं नाही. आधी टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध), मग रिटुक्सिमॅब अशी जोडी युरोपात या जुन्या पद्धतीसमोर उभी केली. २०२१चा निकाल जुनीच्या बाजूने लागला. बारीकसारीक त्रास मात्र जुनीतच जास्त.

स्टेरॉइडच्या महिन्यात झोप उडेल, साखर चढेल, घरच्यांवर ओरडशील. वहिनींना आत्ताच सांगून ठेव. सायक्लोची गोळी सकाळीच घे, रात्री नको, मूत्राशयाला जपायचं असतं. पाणी किती प्यायचं ते सूज बघून डॉक्टरच ठरवतील. पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नकोस. ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच रात्री फोन लावायचा.

आणि सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीय का, ते उद्याच विचारून मला कळव.

तुझा,
बाळ्या